वही-पेन्सिलीच्या आधी चष्मा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गावोगावी असाक्षरांची नोंदणी होते, स्वयंसेवकांची नावे ॲपवर चढतात, पहिल्या दिवसाचा फोटो ग्रुपवर पडतो. तिसऱ्या आठवड्यात त्याच ओट्यावर चार बाया उरतात आणि मग ठरलेले वाक्य कानावर येते, ‘या वयात आता कोण शिकतंय?’ खान्देशात प्रौढांचे वर्ग घेणारे आम्ही काही जण या वाक्याला हरकत घेण्यासाठी लिहीत आहोत. घरचा हिशेब, पेरणीचे गणित, चाळीस नात्यांचे देणेघेणे डोक्यात ठेवणाऱ्या बाईची शिकण्याची ताकद संपलेली नसते. पहिलीच्या पोरासारखे बसवून पोरासारखे घोकवले की मोठे माणूस उठून जाते, इतकेच.

२०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. सध्याचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांचा आहे. १५ वर्षे आणि त्यावरील कोणाही असाक्षराला त्यात येता येते, शिकवायला स्वयंसेवक असतात आणि शेवटी १५० गुणांची चाचणी होते. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. चाचणीला आमची ना नाही. ती मार्चमध्ये आणि वर्ग दिवाळीनंतर, या मांडणीला मात्र आहे.

हिशेब साधा आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने तीन भागांच्या प्रवेशिकेसाठी, म्हणजे प्रौढांच्या पहिल्या वाचनपुस्तकासाठी, सुमारे २०० तास धरले होते. आठवड्यातून चार दिवस, रोज दीड तास, असे सहा तास धरले तर २०० तासांना ३३ आठवडे लागतात. डिसेंबरात सुरू झालेल्या वर्गाला मार्चपर्यंत बारा-तेरा आठवडे, म्हणजे ७२-७८ तास मिळतात. त्यातही कापूसवेचणीचे दिवस. ब्राझीलमधील अंजिकोस येथे १९६३ साली तिथले शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांच्या पद्धतीने सुमारे ३०० जणांना ४० तासांत वाचायला शिकवल्याचा दाखला प्रशिक्षणांत हमखास दिला जातो. वर्गाआधी लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करण्यात गेलेला काळ त्या ४० तासांत मोजलेला नसतो, आणि रोमन लिपीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर नसते, हेही कोणी सांगत नाही.

म्हणून वर्ग पेरण्या उरकल्यावर, जुलैच्या उत्तरार्धात लागायला हवा. निंदणीचे दिवस असले तरी रात्री आठ ते साडेनऊ ही वेळ मिळते. कानबाईचे रोट, पोळा, नवरात्र यांच्या सुट्या आधीच जाहीर कराव्यात. न सांगता बुडालेला वर्ग पुन्हा भरत नाही, सांगून बंद ठेवलेला भरतो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, त्या पंधरवड्यात सासुरवाशिणींची हजेरी मागण्यात अर्थ नाही. बाजाराच्या दिवशी नवे अक्षर शिकवू नये. त्या दिवशी येतील तेवढ्यांची उजळणी घ्यावी.

सातपुड्याच्या पाड्यांचे वेळापत्रक आणखी वेगळे. तिथली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि होळीला परततात. त्यांच्यासाठी जुलै ते ऑक्टोबर हेच सलग दिवस; त्यात ९०-१०० तास होतात. उरलेले शिक्षण फडावरच व्हायला हवे. टोळीतला एखादा शिकलेला पोरगा निघण्याआधीच स्वयंसेवक म्हणून तयार करावा, त्याच्याकडे शब्दपट्ट्यांचा, म्हणजे एकेक शब्द लिहिलेल्या जाड कागदी पट्ट्यांचा, एक गठ्ठा द्यावा आणि रोज फक्त २० मिनिटे मागावीत. उसाच्या वजनाची पावती हेच तिथले पाठ्यपुस्तक: तारीख, गाडीचा नंबर, टन. ती पावती वाचता येण्याची गरज कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

आता डोळ्यांबद्दल. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, हे सगळ्यांना ठाऊक असते. वर्ग उघडताना मात्र ते कोणाच्याही यादीत नसते. वही येते, पेन्सिल येते, फलक येतो, चष्मा येत नाही. ५० वर्षांची बाई ‘मला समजत नाही’ म्हणते तेव्हा निम्म्या वेळा तिला दिसत नसते. तपासणी सोपी आहे. सुईत दोरा ओवायला द्या. हात लांब नेऊन ओवते, की नातीला हाक मारते, ते पाहा. जिला जमत नाही तिला ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासायला पाठवा. वाचायच्या चष्म्याचा नंबर बहुधा एक ते अडीचच्या दरम्यान निघतो. मोतीबिंदू असेल तर तोही तिथेच कळतो. तोवर शब्दपट्टीवरचे अक्षर बोटाच्या दोन पेरांएवढे उंच, काळ्या शाईने, पांढऱ्या जाड कागदावर असावे. आणि बल्ब शिकणाऱ्यांच्या पाठीमागून, डाव्या खांद्यावरून येईल असा लावावा. बहुतेक ठिकाणी तो फळ्याच्या वर टांगलेला असतो आणि थेट डोळ्यांत जातो.

जागा निवडताना शाळेची खोली शेवटी धरावी. मुलांच्या बाकावर गुडघे दुखतात आणि लहानपणी शाळा सुटल्याची बोच तिथे पुन्हा जागी होते. देवळाचा सभामंडप मोकळा असतो हे खरे, पण गावातल्या सगळ्या वस्त्यांतली माणसे तिथे बिनसंकोच येतील का, हे आधी विचारावे. जिथे कोणालाच अंग चोरून बसावे लागणार नाही तो ओटा बरा. गोल बसावे, ज्यांना खाली बसवत नाही त्यांना खुर्ची द्यावी. एका स्वयंसेवकामागे आठ-दहाच जण असावेत. नाव पुकारून हजेरी घेऊ नये, उत्तरासाठी उभे करू नये, लाल पेन वहीला लावू नये. अठरा वर्षांचा स्वयंसेवक असेल तर त्याने नाना, आप्पा, जिभाऊ, काकू, अक्का म्हणूनच बोलावे. ‘शाब्बास’ हा शब्द त्याने सासूच्या वयाच्या बाईला उद्देशून वापरू नये. ‘बरोबर वाचलं, काकू’ एवढे पुरते.

अक्षरओळख अ-आ-इ-ई पासून सुरू करणे ही आमच्या मते सर्वांत महागात पडणारी सवय. दहा दिवस घोकूनही त्यातून वाचण्याजोगे वाक्य तयार होत नाही आणि मोठे माणूस दहा दिवस फळाशिवाय थांबत नाही. त्याऐवजी क, प, न, र, म, स, व ही सात अक्षरे घ्या, काना घ्या आणि दुसरी वेलांटी घ्या. एवढ्यात सरकी, पानी, वावर, मका, पीक, माप, काम, रान, वारा, साप, नवरा, सासर, सावकार असे वीसच्या वर शब्द बसतात. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ‘मामाना वावरमा पानी’ हे अहिराणी वाक्य समोर ठेवले की ते एका दमात वाचले जाते. आपल्या तोंडची बोली कागदावर असू शकते, हेच अनेकांना पहिल्यांदा दिसते. बाराखडी हे साधन उत्तमच आहे, पण ती क पासून ज्ञ पर्यंत सुरात म्हणण्यासाठी नाही. ‘पानी’ शब्द फोडला की प-पा-पी, न-ना-नी एवढ्याच दोन ओळी त्या दिवशी घ्याव्यात आणि त्या तुकड्यांतून नवे शब्द शिकणाऱ्यांनाच जुळवू द्यावेत. कोणीतरी ‘नानी’ जुळवते, कोणी ‘पाप’. हसू फुटते, अक्षर पक्के होते.

सारखी दिसणारी अक्षरे एका आठवड्यात आणू नयेत. म आणि भ, व आणि ब, घ आणि ध, ट-ठ-ढ यांच्यात निदान पंधरा दिवसांचे अंतर हवे. ‘ख’ हा ‘रव’ वाचला जातो, त्यामुळे तो बराच उशिरा घ्यावा. ऱ्हस्व-दीर्घाचा काच पहिले शंभर तास नकोच.

बोलीचा मुद्दा इथेच सांगायला हवा. अहिराणी आणि तावडी या खान्देशातल्या बोलींत ‘केळी’ची केयी होते, ‘डोळा’चा डोया, ण च्या जागी न येतो. शिकणारी ‘केयी’ लिहिते तेव्हा तिने ऐकल्याप्रमाणे अचूक लिहिलेले असते. ती चूक म्हणून खोडली की तिचा कानावरचा भरवसा जातो, आणि वाचायला शिकताना कान हाच आधार असतो. आधी तिचे लिहिलेले वाचून दाखवावे, मग शेजारी ‘केळी’ लिहून ‘पाटीवर, पुस्तकात असं असतं’ म्हणावे. ळ आणि ण ही अक्षरे अशी पाहुणी म्हणून येऊ द्यावीत. पावरी, भिली, मावची बोलणाऱ्या पाड्यांवर तर मराठी हीच दुसरी भाषा आहे. न कळणाऱ्या भाषेत वाचन शिकवले की माणूस अक्षरे उच्चारतो, अर्थ लागत नाही. तिथे पहिला पंधरवडा नुसत्या बोलण्याचा ठेवावा, वीस-पंचवीस शब्द त्यांच्याच तोंडून घ्यावेत आणि स्वयंसेवक पाड्यावरचाच असावा.

लिहिण्यात वेगळी अडचण. विळा-कोयता धरलेला हात पेन्सिल फार दाबून धरतो, टोक मोडते, माणूस ओशाळतो. पहिले आठ दिवस खडूने फरशीवर किंवा पाटीवर, चार बोटे उंचीचे अक्षर काढू द्यावे. मग जाड स्केचपेन आणि शेवटी बॉलपेन. शिसपेन्सिल टाळलेलीच बरी. स्वतःचे नाव पहिल्याच दिवशी जाड पट्टीवर लिहून घरी द्यावे, पण सहीपुरते थांबू नये. सही पुष्कळदा चित्रासारखी गिरवली जाते. ‘सुमनबाई’ लिहिणारीला ‘मन’ वाचता येते का, हे विचारून पाहिले की खरे कळते. अंगठा सुटला म्हणजे साक्षरता झाली, असे धरून कित्येक वर्ग तिथेच संपतात. वहीभर एकच ओळ उतरवून घेणे हा तर निव्वळ वेळकाढूपणा. हात चालतो आणि डोके घरच्या चुलीवर असते.

दीड तासात काय करावे? पहिली दहा मिनिटे पट्ट्या पालथ्या ठेवून कालचे शब्द आठवायला लावावेत. पुस्तक उघडून पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याने शब्द जास्त टिकतो. मग पंचवीस मिनिटे वाचन, पंधरा मिनिटे लेखन, अर्धा तास हिशेब. उरलेल्या वेळात गप्पा, पण वाचलेल्या शब्दावरच. ‘सावकार’ वाचला की बोलायला विषय शोधावा लागत नाही. प्रत्येक नवा शब्द दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने परत यायला हवा. तसे न केल्यास महिन्याने पाटी कोरी सापडते आणि दोष वयाला दिला जातो. मोठ्या माणसांचे खाडे होणारच: लग्न, दहावे, पाहुणे, पाण्याची पाळी. म्हणून हजेरीपटाऐवजी कोणाला कोणत्या पट्ट्या वाचता येतात याची नोंद ठेवावी, आणि खाडा करून आलेल्याला जोडीदार द्यावा. जोडीदाराचीही त्यात उजळणी होते.

हिशेबाचा वर्ग चांगला चालवला तर तो कधी मोडत नाही. इथे शिकणारे कोरे नसतात. पाव, सवा, दीड, पावणेदोन, अडीच यांचा तोंडी हिशेब त्यांना स्वयंसेवकापेक्षा चांगला येतो. अडचण फक्त तोंडातले कागदावर आणण्याची. ‘एकशे पंचवीस’ ऐकून १००२५ लिहिणे ही सर्रास होणारी चूक. ऐकले तसे लिहिले, एवढाच त्याचा अर्थ. उपाय म्हणून कापडाचे तीन खिसे शिवावेत, शंभराच्या नोटांचा, दहाच्या नोटांचा, रुपयाच्या नाण्यांचा. १२५ रुपये खिशांत टाकायचे आणि प्रत्येक खिशाखाली एकच आकडा लिहायचा. रिकाम्या खिशाखाली शून्य. १०५ आणि १५० यांतला फरक त्याशिवाय पटत नाही. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारला जातो म्हणून ५२ लिहिणारेही असतात. त्यांनाही खिसेच सरळ करतात.

मराठी आकडे आधी की इंग्रजी? आमचे मत इंग्रजी आधी. मोबाइल, वजनकाटा, वीजबिल, बँकेचा संदेश, सगळीकडे तेच आहेत. मराठी आकडे महिनाभराने आणावेत आणि आणताना सावध राहावे: इंग्रजी नऊ हा मराठी एकासारखा दिसतो, इंग्रजी आठ मराठी चारासारखा. दोन्ही एकाच दिवशी शिकवले की फोन भलत्यालाच लागतो. फोनचा विषय निघतोच, तर ओटीपी वाचता येऊ लागलेल्या माणसाला तो कोणालाही वाचून दाखवायचा नसतो, हे त्याच तासाला सांगावे.

उदाहरणे पुस्तकातल्या आंब्या-पेरूंची नकोत. ४३ किलो वेचणी, दहा रुपये किलो दर धरला तर मजुरी किती? बचत गटातून ५,००० घेतले, शेकडा दोन रुपये महिना. व्याज महिन्याला १००, वर्षाला १,२००. सावकाराचे शेकडा पाच असतील तर वर्षाला ३,०००. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की वजाबाकी आपोआप होते. औषधाच्या डब्यावर दहा लिटर पाण्याला २० मिलि लिहिलेले असते आणि पाठीवरचा पंप १५ लिटरचा असतो. उत्तर ३० मिलि, पण मोजले जाते झाकणाने, आणि प्रत्येक डब्याचे झाकण वेगळे. मापाचा प्लास्टिकचा पेला वर्गात आणून साध्या पाण्याने हे करून दाखवावे. त्याच डब्यावर रंगीत खूण असते: लाल सर्वांत जहाल, मग पिवळी, निळी, हिरवी. हिरवी खूण म्हणजे औषध निर्धोक, असा समज फार पसरलेला आहे. ती फक्त इतरांहून कमी विषारी असल्याची खूण आहे.

शेतकरी प्रशिक्षणांनाही हेच लागू. शेतीशाळेची कल्पना १९८९ साली इंडोनेशियातील भातशेतीत रुजली ती याच तत्त्वावर: हंगामभर ठरावीक अंतराने, शेतातच, स्वतः मोजून. आपल्याकडे कधी कधी तिचे रूपांतर मंडपातल्या भाषणात होते आणि शेवटी नाश्ता. गुलाबी बोंडअळीचा विषय दोन तास पडद्यावर दाखवण्यापेक्षा वावरात नेऊन २० हिरवी बोंडे फोडायला लावा. दोन बोंडांत जिवंत अळी निघाली म्हणजे दहा टक्के, म्हणजे फवारणीची वेळ. नर पतंगांना वासाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग, हीही तीच पातळी. बोंडे फोडताना टक्केवारी हाताला कळते, फळ्यावर ती वर्षभर कळत नाही. डोमकळी, म्हणजे अळी आत असल्याने नीट न उमललेले फूल, ओळखायचीही तिथेच.

स्वयंसेवकांच्या तयारीबद्दल थोडे. दोन तासांच्या ऑनलाइन बैठकीत सूचना मिळतात, शिकवणे येत नाही. एक प्रयोग प्रत्येक तालुक्याने करून पाहावा: स्वयंसेवकांना अर्ध्या तासात तमिळ लिपीतली पाच अक्षरे शिकवा, लगेच फळ्यावर लिहायला बोलवा आणि चुकले की बाकीच्यांसमोर दुरुस्त करा. पुढे कोणीही कोणाला ‘एवढं सोपं कसं येत नाही?’ विचारत नाही. त्यानंतर एकाने दहा मिनिटे शिकवायचे, बाकीच्यांनी शिकणारे व्हायचे, असा सराव घ्यावा. यासाठी एक पूर्ण दिवस लागतो, आणि महिन्याने पुन्हा अर्धा.

चाचणीच्या आधी एकदा तरी तिचा पूर्ण वेळ बसण्याचा सराव व्हावा. लेखन येत असूनही पाठ दुखते म्हणून अर्धा कागद कोरा ठेवणारे असतात. मिशनच्या जुन्या निकषात मोठ्याने वाचनाचा वेग मिनिटाला ३० शब्द धरला होता. तो गाठलेला माणूस चाचणीला घाबरत नाही.

आणि चाचणीनंतर? वापर थांबला की काही महिन्यांत मात्रा-वेलांट्या गळू लागतात. यासाठी नवी योजना नको, ग्रामपंचायतीसमोर एक फळा हवा. त्यावर रोज सकाळी मोठ्या अक्षरांत कापसाचा भाव, नळाला पाणी येण्याची वेळ, एसटीच्या वेळा लिहाव्यात, आणि लिहिण्याची पाळी वर्गातल्याच बायांची असावी. एसटीच्या पाट्यांचा सराव जोडून घ्यावा. शहादा, शिरपूर, शिंदखेडा तिन्ही श ने सुरू होतात, आणि पहिल्या अक्षरावर गाडी ओळखणारा माणूस धुळ्याच्या स्थानकात चुकीच्या गाडीत चढतो.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांना आमची एक ठोस सूचना आहे. पुढच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव, वय आणि आधार क्रमांकाच्या खाली आणखी दोन रकाने वाढवावेत: घरात कोणती बोली बोलता, आणि सुईत दोरा ओवता येतो का.

आपले,
प्रौढ वर्ग चालवणारे काही कार्यकर्ते
धुळे, नंदुरबार, जळगाव